हार्डडिस्कची ओ

कॉम्प्युटरला लावलेली हार्डडिस्क काढायच्या आधी बिराजदार सर सीपीयूच्या डब्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, थोडे वाकायचे आणि विचारायचे, "आत कुणी हाय का?"

गंमत म्हणून नाही. नवीन माणूस हे पहिल्यांदा बघायचा तेव्हा हसून सरांकडं पाहायचा आणि सरांचा चेहरा बघून त्याचं हसू अर्ध्यात राहायचं. मग सर माउस हातात घ्यायचे, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या चित्रावर टिचकी मारायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. आता काढायला हरकत नाही, अशा अर्थाची इंग्रजी पाटी वर आली की समाधानानं म्हणायचे, "ओ आली."

त्यानंतर तरी काढावी ना? नाही. डिस्कवरचा निळा दिवा विझायचा, आतली चकती गरगरायची थांबायची, तोवर डिस्कवर बोटं टेकवून बसायचे. निघालेल्या पाहुण्याला चपला घालायला वेळ द्यावा तसे. आणि मग अगदी हलक्या हातानं वायर सोडवायचे. हे सगळं होईपर्यंत स्टाफरूममधल्या आमच्यासारख्या उतावळ्या माणसांचा एक चहा पिऊन व्हायचा आणि दुसऱ्याची ऑर्डर जायची.

पेन ड्राइव्हलाही हीच पूजा. एकदा मी माझा पेन ड्राइव्ह सरळ उपटला. सर शेजारीच बसले होते. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, डॉक्टर सुई टोचताना मुलं मिटतात तसे.

"मॅडम, ओ आल्याशिवाय हात लावायचा न्हाई."

"सर, कॉपी पूर्ण झाली होती. पट्टी शेवटपर्यंत गेली होती."

"पट्टी वर दिसती ती आपल्या समाधानासाठी. आत लिवणं चालूच आसतंय. मशीन म्हणतंय झालं, झालं, आन् आत कुणीतरी आजून काम करून राहिलेलं आसतंय. त्याला इचारावं, थांबावं, त्यानं ओ दिली की मंग निघावं. कुठं आग लागली हाय का?"

मी किनवटची गायकवाड. वडील आश्रमशाळेत मास्तर होते. त्यामुळं शिकवणं घरातच पाहिलेलं आणि धीर मात्र कुणाकडून न घेतलेला. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायची आणि बिराजदार सर भौतिकशास्त्र. एके काळी लातूरचं नाव पेपरात आलं ते भूकंपाच्या पडझडीसाठी आणि पुढं येत राहिलं ते मेरिटच्या मुलांसाठी. आम्ही होतो त्या दिवसांत गल्लोगल्ली क्लास निघाले होते. घरमालकांनी जिन्याखालीसुद्धा कॉट टाकून मुलं ठेवली होती. चौकाचौकांत हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो, खाली गुण आणि त्याखाली क्लासचं नाव, मुलांच्या नावापेक्षा मोठं. सगळं शहर कुठल्या तरी परीक्षेला उशीर झाल्यासारखं पळत होतं. त्यात हा एकटा माणूस हात मांडीवर ठेवून बसलेला.

आमच्या क्लासच्या मालकांना सगळे मोठे सर म्हणायचे. मोठ्या सरांनी नांदेडला शाखा उघडली, पण तिथल्या पालकांना शिकवायला लातूरचेच सर पाहिजे होते. एक माणूस दोन गावांत कसा शिकवणार? म्हणून लातूरचे तास कॅमेऱ्यावर घ्यायचे आणि नांदेडला पडद्यावर दाखवायचे असं ठरलं. नांदेडच्या शाखेतलं इंटरनेट तेव्हा लातूरच्या नळासारखं होतं, कधी येईल आणि आलं तर किती वेळ राहील, देव जाणे. म्हणून दर आठवड्याला हार्डडिस्क एसटीनं जायची आणि तिला घेऊन बिराजदार सर जायचे. त्यांना घरदार, लेकरंबाळं काही नव्हतं आणि आयुष्यात त्यांनी छत्रीसुद्धा हरवलेली नव्हती, हे दोन गुण मोठ्या सरांनी बरोबर हेरले होते.

हार्डडिस्कला सरांनी घर केलं होतं. स्टीलचा जेवणाचा डबा, आत लोकरीची जुनी कानटोपी आणि कानटोपीत डिस्क. तसाच दुसरा डबा भाकरीचा. एसटीत दोन्ही डबे पिशवीत, पिशवी मांडीवर. वरच्या फळीवर ठेवायची नाही, मागच्या चाकावरच्या सीटवर बसायचं नाही. कंडक्टर म्हणाला, "सर, मागं जागा हाय की," तरी हे अहमदपूरपर्यंत उभे राहतील. मला आईकडं जायचं असलं की नांदेडपर्यंत मी त्यांच्याबरोबर असायची, तेव्हा माझ्याही नशिबी उभं राहणं यायचं. एकदा लोहा येता येता त्यांना भूक लागली. डबा उघडला, तर आत कानटोपी. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या मावशींनी वाकून बघितलं, कानटोपी बाजूला करून सरांनी आतला काळा ठोकळा तपासला तोही बघितला आणि आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी काढून म्हणाल्या, "घ्या मास्तर, हे खा. त्येला दातबी लागायचे न्हाईत." सरांनी निमूटपणे खाल्ली. दुसरा डबा पिशवीत आहे हे सांगून त्या बाईचं मन मोडलं नाही.

ओ येईपर्यंत थांबायचं हे त्यांचं फक्त मशीनपुरतं नव्हतं, खरी पंचाईत तिथं होती. फोनवर बोलणं संपलं की म्हणायचे, "ठेवू का?" आणि समोरून 'ठेवा' आल्याशिवाय ठेवायचे नाहीत. किनवटच्या एका मुलीच्या प्रवेशासाठी माझ्या आईनं एकदा त्यांना फोन केला. आमची आईही तशीच भिडस्त. हे म्हणाले, "ठेवू का?" ती म्हणाली, "तुम्ही ठेवा की." हे म्हणाले, "न्हाई, तुमी ठेवा मावशी." शेवटी आईच्या फोनचा बॅलन्स संपला तेव्हा दोघं सुटले.

आणि वर्गात तर कहरच. कोचिंग क्लासात प्रश्न विचारायचा तो शोभेसाठी. पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तर आपणच सांगायचं आणि पुढं जायचं, ही रीत. सर प्रश्न विचारून थांबायचे. खरंच थांबायचे. देवणीची एक मुलगी होती, मागच्या बाकावर बसायची. हुशार, पण कुणी काही विचारलं की तिचं उत्तर खोल विहिरीतून पोहऱ्यानं वर यावं तसं यायचं. एका दुपारी सरांनी तिला घर्षणावर काहीतरी विचारलं आणि खडू हातात धरून उभे राहिले. वर्ग उभा, सर उभे, मुलगी उभी. मोठे सर केबिनमध्ये सगळ्या वर्गांचे कॅमेरे बघत बसायचे. त्यांना वाटलं, ह्या वर्गाचं चित्र अडकलं. त्यांनी ऑफिसातल्या माणसाला वायर बघायला पाठवलं. तो वर्गात शिरला आणि तेवढ्यात मुलीनं उत्तर दिलं. बरोबर दिलं. सर म्हणाले, "शाबास. घाई केली न्हाई, हे लई चांगलं केलं." मागच्या पोरांनी बाक वाजवले. त्या दिवशी पोर्शन मात्र अर्धाच झाला.

मोठ्या सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून समजावलं. "बिराजदार, पोरं वर्षासाठी आल्यात. तुमी एका पोरीसाठी आख्खा तास थांबून राहिलात."

"हाव साहेब," सर म्हणाले. "पण तिनं ओ दिली."

सर राहायचे औसा रोडच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या दोन खोल्यांत. बरोबरीच्या सगळ्यांनी फ्लॅट घेतले, सरांना काही कमी नव्हतं, तरी पत्रा सुटला नाही. लातूरच्या मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस पापडासारखा भाजून निघावा. आम्ही चिडवायचो, "सर, स्लॅबचं घर बघा की एखादं." ते म्हणायचे, "पत्रा पडला तर उचलता येतो, मॅडम." आम्हाला वाटायचं, कंजूष माणसाचं उत्तर आहे.

त्या घराची एक गोष्ट मात्र मला फार आवडायची. दारात जाऊन 'सर' म्हणायला तोंड उघडावं, तर स वरच आतून ओ यायची. न्हाणीत असोत, चुलीपाशी असोत, हाक पुरी होऊ द्यायचे नाहीत. "ओ! आलो, आलो, जाऊ नका." दारापर्यंत पळत यायचे, कधी तोंडाला साबण, कधी हाताला पीठ. सगळ्यांना थांबा म्हणणारा माणूस स्वतः ओ द्यायला एवढी घाई का करतो, असं मनात यायचं आणि विसरून जायचं.

मग एसटी चुकण्याची भानगड सुरू झाली. डिस्क काढायला सर एवढा वेळ लावायचे की नांदेडची गाडी निघून जायची, पुढच्या गाडीनं जावं लागायचं आणि तिकडं पोरं काळ्या पडद्यासमोर बसून राहायची. नांदेडचे पालक क्लासला फोन करायचे. मोठे सर वाईट नव्हते, पण त्यांच्या समोरच्या इमारतीत नुकताच दुसरा क्लास निघाला होता आणि त्यांची झोप उडाली होती. त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं, "बिराजदार, आता एकदा जरी गाडी चुकली तर मी दुसरा माणूस बघतो. डिस्कसाठीबी आन् तासासाठीबी."

घरी आल्यागेल्याची ददात असलेल्या माणसाला क्लास म्हणजे सगळं गणगोत असतं. स्टाफरूममधला चहा, पोरांचे 'गुड मॉर्निंग सर', नांदेडची एसटी, त्यातल्या मावश्या. हे गेलं तर त्यांच्याकडं पत्रा आणि दोन डबे एवढंच राहणार होतं. त्यानंतर ते डिस्क काढायला गाडीच्या कितीतरी आधी बसू लागले. टकटक, प्रश्न, ओ, दिवा. काही दिवस निभावलं.

नांदेडच्या मोठ्या सराव परीक्षेचा दिवस होता. पेपर आणि त्याची उत्तरं समजावणारे सगळे तास डिस्कवर होते आणि मीही निघाले होते. कॉपी झाली. सरांनी टकटक केली, विचारलं, चित्रावर टिचकी मारली. पाटी आली, पण भलतीच. ही वस्तू अजून वापरात आहे, नंतर प्रयत्न करा. सरांनी एकेक खिडकी बंद केली. पुन्हा तीच पाटी. सगळं बंद केलं, पडद्यावर नुसतं डोंगराचं चित्र राहिलं, तरी निळा दिवा लुकलुकतच होता.

"अख्खा कॉम्प्युटरच बंद करा सर," मी घड्याळ बघत म्हणाले.

"केला. होऊन राहिलाय," सर म्हणाले. पडद्यावर गोल गोल चक्र फिरत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं.

मोठे सर आले. "काय बिराजदार, गाडी लागली ना स्टँडवर?"

"साहेब, जरा. आत कुणीतरी हाय."

"कोण हाय आत? मशीन हाय ते!" मोठ्या सरांनी वायरीला हात घातला.

आणि बिराजदार सरांनी त्यांचं मनगट धरलं. उभ्या आयुष्यात ज्यानं कुणाला चढ्या आवाजात 'अरे' म्हटलं नसेल, त्या माणसानं मालकाचा हात सगळ्या स्टाफसमोर गच्च धरला. "साहेब, ओ येऊ द्या. पाया पडतो. येतीय ओ. जरा वेळ लागतोय, पण येती."

मोठ्या सरांनी हात सोडवला आणि वायर ओढली. निळा दिवा विझला. "घ्या," ते म्हणाले, "आली ओ. पळा आता."

गाडी मिळाली. मागच्या चाकावरची सीट मिळाली आणि सर त्यावर मुकाट्यानं बसले. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. चाकूर गेलं तरी हात तिथंच. शेवटी मलाच राहवेना. मी म्हटलं, "सर, एवढं काय लावून घेता? डिस्क बिघडली तर बिघडली, मोठ्या सरांनी ओढली, तुमच्यावर काही येत नाही."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डिस्कचं न्हाई हो मॅडम."

मग थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत सांगते, माझ्या शब्दांत मला जमायचं नाही.

"अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, अक्कानंच मला वाढवलं. नवरा सोडून माहेरी आलेली व्हती. तिची एक खोड व्हती. हाक मारली की लगेच ओ द्यायची न्हाई. तव्यावर भाकरी आसली तर ती भाजायची, टोपल्यात टाकायची, हात पुसायची आन् मंग म्हणायची, ओ. तवर हाक मारणारा अर्ध्या गल्लीत गेलेला आसायचा. म्या लई चिडायचो. म्हणायचो, तुझी ओ लागंपर्यंत माणूस म्हातारा व्हील. ती म्हणायची, थांबत जा की रं जरा.

"भूकंप झाला तवा म्या हितं लातूरला, होस्टेलात. सकाळी कळलं, आमच्याकडं लई पडलंय. ट्रकच्या फाळक्याला लटकून गेलो. गाव वळकू येईना. सगळी दगडामातीची घरं, वर मातीचं जाड माळवद. आमचं माळवद खाली बसलं व्हतं. म्या ढिगावर उभारलो आन् हाक मारली, 'अक्का, आत हाईस का?' कान लावला. काई न्हाई. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून पोरं वरडाया लागली, हितं आवाज येतोय, हात लावा, पळा. म्या पळालो. तिथनं एक लेकरू जितं निघालं. सगळे रडले. मंग आजून एका ठिकाणी. मंग आजून एका.

"परत आमच्या ढिगावर आलो तर शेजारची म्हातारी तिथंच बसलेली. तिच्यानं दगूड हलत नव्हता. म्हणली, 'नागनाथा, तू गेलास आन् मागनं अक्कानं ओ दिली रं. म्या तुला हाका मारल्या, तुला ऐकू गेल्या न्हाईत.'"

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. तवर दुपार झाली व्हती." त्यांनी डब्यावरून हात फिरवला. "एकदाच हाक मारली म्या, मॅडम. एकदाच. दुसरी मारली आसती, तर तेवढ्यात तिची ओ आली आसती."

मला खूप वाटलं की काहीतरी बोलावं. एक लेकरू वाचलं ना तुमच्या हातून, असं काहीतरी. पण ते त्यांना माझ्याआधी कितीतरी जणांनी सांगितलं असणार. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सीपीयूवरच्या त्या टकटकीला आम्ही सगळे हसलो होतो.

नांदेडला डिस्क लावली. सर लांब उभे राहिले, मीच वायर जोडली. डिस्क चालू झाली. पेपर उघडले, तास उघडले, शेवटचा तास शेवटपर्यंत चालला. एक अक्षर बिघडलं नव्हतं. बिराजदार सरांना मोठ्या सरांचा फोन आला आणि त्यांचा आवाज शेजारी मलाही ऐकू आला. "चालली का न्हाई? काय झालं वायर ओढली तर? उगं नाटकं करता राव तुमी."

"हाव साहेब, चालली. लई बरं झालं," सर म्हणाले. ते खरंच खूश झाले होते. फोन झाल्यावर मला म्हणाले, "बगा मॅडम, बहुतेक वेळा काईच व्हत न्हाई. म्हणून तर माणूस ओढत आसतो."

तिथून उतरण लागली. मालकाचं मनगट धरलेलं कुणी विसरलं नाही आणि डिस्क चांगली निघाल्यामुळं सरांची बाजू घ्यायला काही राहिलं नाही. बिघडली असती तर निदान ते बरोबर तरी ठरले असते. पुढच्या सत्राला नांदेडच्या शाखेत चांगलं इंटरनेट आलं आणि डिस्कचं काम संपलं. भौतिकशास्त्राला परराज्यातून एक तरुण सर आणले. ते प्रश्न आणि उत्तर एकाच श्वासात सांगायचे, पोर्शन वेळेच्या आधी संपवायचे. मोठ्या सरांना बिराजदार सरांच्या तोंडावर सांगणं जड गेलं असावं, म्हणून त्यांनी केबिनमधून फोन केला. सर स्टाफरूममध्ये, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. "हाव साहेब. हाव. तुमचं बरोबर हाय," एवढंच बोलले. तिकडून फोन कट झालेला मला कळला. सर मात्र तो कानाला तसाच धरून म्हणाले, "बरं साहेब, ठेवू का?" आणि वाट बघत राहिले.

जाताना ते एकेका वर्गाच्या दारात उभे राहिले. "येऊ का?" म्हणायचे. आतला शिकवणारा खडूच्या हातानंच 'हो, हो' करायचा आणि फळ्याकडं वळायचा. सरांना 'या' पाहिजे होतं. मी वर्ग सोडून बाहेर आले आणि म्हणाले, "या सर." त्यांनी मान हलवली. "येतो मॅडम."

ते काही आले नाहीत. काय म्हणून येणार?

कितीतरी महिने गेले. क्लासमध्ये नवे कॉम्प्युटर आले आणि जुनं सगळं भंगारवाल्यासाठी जिन्याखाली रचलं. त्या ढिगात मला स्टीलचा डबा दिसला. उघडला तर कानटोपी आणि कानटोपीत डिस्क. मोठ्या सरांना विचारलं. ते डब्याकडं बघत म्हणाले, "घेऊन जा मॅडम. त्यांचाच डबा हाय." मग मी जायला वळल्यावर म्हणाले, "कसे हायेत, बगून या."

रिक्षा केली आणि औसा रोडला गेले. पत्र्याचं दार लोटलेलं होतं. मी दारापाशी जाऊन हाक मारली, "सर!"

ओ आली नाही.

त्या दारात मी कधी एवढी शांतता ऐकली नव्हती. शेजारच्या बाई घागर घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हल्ली भाईर पडत न्हाईत ते. पण गेलेबी आसतील आज. काई कळत न्हाई त्येंचं." रिक्षावाला म्हणाला, "न्हाईत वाटतं, मॅडम. चला, मला शाळेची पोरं आणायचीत." मी पायरी उतरले. एक पाय रिक्षात टाकला सुद्धा. मग मला माळवदाच्या त्या ढिगावर उभा राहिलेला होस्टेलातला पोरगा दिसला आणि मी परत फिरले.

पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली. "सर, आत कुणी आहे का?"

आणि थांबले. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, मी मागं बघितलं नाही. मी जन्मात कुणासाठी अशी थांबले नव्हते. शेजारच्या बाई माझ्याकडं बघत होत्या. बघू देत.

"ओ?"

अगदी बारीक, विचारल्यासारखी. मग पावलं वाजली. दार उघडलं. दाढी वाढलेली, सदरा मळलेला, वाळून निम्मे झालेले सर माझ्याकडं बघत राहिले.

"मॅडम? मगाशी एक हाक आली, तीबी तुमचीच का?"

"हो सर."

"ऐकली व्हती म्या." ते ओशाळून म्हणाले. "वाटलं, भास झाला. लई दिवस झाले कुणी हाक मारून. दुसऱ्यांदा आली तवा म्हणलं, न्हाई, कुणीतरी खरंच हाय."

मी डबा पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उघडला, कानटोपी जरा बाजूला केली. डिस्कवरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग कानटोपी पुन्हा नीट गुंडाळून झाकण लावलं.

रिक्षावाल्यानं परत हॉर्न वाजवला.

"त्यो थांबलाय," सर म्हणाले. "घाई हाय का तुमाला?"

"नाही," मी म्हटलं आणि रिक्षा सोडून दिली.